आठवड्याचा पहिला दिवस

भिंतीवरच्या बहुतेक दिनदर्शिकांत रविवार पहिला छापलेला असतो. आपल्या मनात मात्र तो शेवटी येतो. सोमवार ते शनिवार कामाची ओझी वाहायची आणि जे काही उरेल ते रविवारवर ढकलायचे, अशी आपली रीत झाली आहे. धुण्याचे कपडे, राहिलेला अभ्यास, आजारी नातेवाइकाची भेट, देवाची आठवण आणि मित्राची विचारपूस, सारे रविवारच्या खात्यावर! माझ्या मते ही रीत चुकीची आहे. ती किती महाग पडू शकते, हे मी महाविद्यालयात असताना एका आठवड्यात शिकलो.

माझा जन्म मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. नारायण वामन टिळकांनी रचलेली भजने ऐकतच आम्ही भावंडे लहानाची मोठी झालो. पुढे शिक्षणासाठी शहरात आलो आणि वसतिगृहात राहू लागलो. माझ्या खोलीतला सोबती एका दुष्काळी गावातून आलेला शेतकऱ्याचा मुलगा होता. तो पंढरीच्या विठ्ठलाला मानणारा, मी येशूला मानणारा. आमच्या दोन खाटांमध्ये जेमतेम तीन फुटांचे अंतर होते. मनांत तेवढेही नव्हते. पहिल्या वर्षी मला हिवतापाने गाठले, तेव्हा त्याने दोन दिवस तासांना दांडी मारली, माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि खानावळीतून पेज करून आणली. त्याबद्दल तो पुढे एक शब्दही बोलला नाही.

दुसऱ्या वर्षीचा तो डिसेंबरचा आठवडा होता. सोमवारी प्रात्यक्षिकांच्या वह्या द्यायच्या होत्या, बुधवारी चाचणी होती, शुक्रवारी स्नेहसंमेलन होते. संध्याकाळी मी दोन मुलांच्या शिकवण्या घेत असे. त्यानंतर चर्चमध्ये नाताळच्या गीतांचा सराव चाले. रात्री दहाच्या पुढे खोलीवर यायचे, प्रार्थना करायची आणि झोपायचे, असा क्रम होता. सोबती जेवायला येत नाही, हे माझ्या मंगळवारीच लक्षात आले होते. गुरुवारी रात्री तो खिडकीपाशी अंधारात बसलेला दिसला. “काय रे, बरं नाही का?” मी विचारले. “तसं काही नाही,” तो म्हणाला. ते खरे नव्हे, हे मला कळत होते. पण डोळ्यांवर झोप होती. रविवारी निवांत बोलू, असे मी मनाशी ठरवले.

रविवारी सकाळी मी उपासनेला गेलो. शेजाऱ्यावर प्रीती करावी, या विषयावर पाळकसाहेबांनी उत्तम प्रवचन दिले. आमच्या गायनवृंदाचेही कौतुक झाले. दुपारी खोलीवर परतलो, तर समोरची खाट रिकामी होती. गादीची वळकटी करून ठेवलेली. खानावळीतल्या मामांनी सांगितले, की त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, पीक गेले होते आणि शुल्क भरायला पैसे नव्हते. तो शिक्षण सोडून गावी गेला होता. जी गोष्ट खानावळीतल्या मामांना ठाऊक होती, ती तीन फुटांवर झोपणाऱ्या मला ठाऊक नव्हती.

मी त्या आठवड्यात काही वाईट केले नव्हते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. अभ्यास, कष्टाची कमाई, प्रार्थना, गायन, यांत वाईट काय? परंतु अडचण नेमकी येथेच आहे. आपल्याला माणसापासून दूर नेणारी कामे बहुधा चांगलीच असतात. माझी श्रद्धादेखील वेळापत्रकातला आणखी एक तास होऊन बसली होती.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक कथा आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून टाकून दिलेले असते. एक याजक येतो आणि बाजूने निघून जातो. मग एक लेवी येतो, तोही तसाच जातो. शेवटी एक शोमरोनी येतो. यहुदी लोक शोमरोन्यांना परके मानीत. पण हा परका थांबतो, जखमा बांधतो आणि त्या माणसाला उतारशाळेत नेतो. ही कथा संपताच त्याच अध्यायात मार्था आणि मरिया या दोन बहिणींचा प्रसंग येतो. येशू घरी आलेला असताना मार्था पाहुणचाराच्या धांदलीत गुंतते. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. येशू मरियेची निवड योग्य ठरवतो.

वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. एक सांगते, उठून मदत कर; दुसरी सांगते, बसून ऐक. मला मात्र दोन्हींत एकच गोष्ट दिसते. शोमरोनी थांबला आणि मरियाही थांबली. समोरच्या माणसासाठी हातातले काम बाजूला ठेवणे, हे दोघांनाही जमले. आमच्या खोलीतला शोमरोनी कोण होता, हे सांगायची गरज नाही. तो चर्चमध्ये कधी आला नव्हता.

“थांबणे ही सुखवस्तू माणसांची चैन आहे, दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याने थांबायचे कसे?” असा प्रश्न कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. पण विश्रांतीच्या दिवसाचा इतिहास पाहिला, तर तो कष्टकऱ्यांचाच असल्याचे दिसते. यहुदी परंपरेत सातवा दिवस विश्रांतीचा ठरला, तेव्हा ती विश्रांती दासदासी, परका माणूस, बैल आणि गाढव यांनाही द्यावी, अशी आज्ञा होती. कारण ती पाळणारे लोक स्वतः मिसर देशात गुलामगिरी भोगून आले होते. पुढे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून ख्रिस्ती लोक आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, पाळू लागले.

आपल्याकडेही तसेच घडले. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. त्यांना आठवड्याची सुट्टी मिळावी, म्हणून महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दीर्घकाळ लढा दिला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचाही वार. म्हणजे हा दिवस एका धर्माची मक्तेदारी राहिला नाही. ज्यांच्याजवळ वेळ सर्वांत कमी होता, त्यांनीच वेळेची किंमत सर्वांत आधी ओळखली.

आता तर दिवस अधिकच अपुरे पडू लागले आहेत. मोबाइलमुळे दूरचे मित्र हातात आले. पण शेजारच्या खाटेवरचा मित्र गप्प का आहे, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. त्यासाठी मान वर करून पाहावे लागते. पूर्ण दिवस थांबणे सर्वांना शक्य नसेल. अर्धा तास तरी शक्य आहे. तो अर्धा तास आठवड्याच्या शेवटी उरेल तेव्हा नव्हे, तर गरज दिसेल तेव्हा द्यावा. माझे चुकले ते एवढेच, की गुरुवारी रात्री द्यायचा अर्धा तास मी रविवारसाठी राखून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघे-तिघे मित्र त्याच्या गावी गेलो. वर्गणी काढून नेली होती. त्याने चहा पाजला, हसून बोलला, पण पैसे घेतले नाहीत आणि परतही आला नाही. वडिलांनंतर घर त्याच्यावरच होते. काही वर्षांनी शेती सांभाळून त्याने मुक्त विद्यापीठातून पदवी मिळवली. त्या यशात माझा वाटा काहीच नाही. ते श्रेय सर्वस्वी त्याच्या जिद्दीचे.

आजही मी दर रविवारी उपासनेला जातो. तेथे आठवड्याचा शेवट होतो, असे आता मला वाटत नाही. तेथून आठवडा सुरू होतो. तेथे जे ऐकले, ते खरे की खोटे, याची परीक्षा सोमवारपासून शनिवारपर्यंत चालते, आणि ती घेणारा बहुधा आपल्यापासून तीन फुटांवर बसलेला असतो.