न मोजलेली हवा

दिवाळी तोंडावर आली की वर्तमानपत्रांना फटाक्यांची आठवण होते. फोनवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक झळकतो, मुंबईचा आकडा चढतो, दोन दिवस हळहळ चालते आणि भाऊबीजेनंतर सगळे विसरतात. या दिवाळी अंकाच्या संपादकांचा राग त्या आकड्यावरच आहे. आकडा खोटा नाही, अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची कुणाला खंतही नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर 2009 मध्ये हवेची मानके अधिसूचित केली. त्यांत 12 प्रदूषके आहेत आणि बेंझीन त्यांपैकी एक. वार्षिक सरासरी घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असा दंडक. 2015 मध्ये आलेला निर्देशांक मात्र 8 प्रदूषकांवरच काढला जातो. त्यात बेंझीन नाही. टोल्युइन, झायलीन, फॉर्मल्डिहाइड हीसुद्धा नाहीत. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो यावर शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही. तरीही ते हवेत कितीही असो, फोनवरचा हिरवा रंग हिरवाच राहतो.

पेट्रोल, थिनर, ऑइलपेंट, डिंक, शाई यांतून साध्या तापमानालाच उडून जाणारी ही सेंद्रिय रसायने. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे कोडे 1950 च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी सोडवले, तेव्हा अशाच वाफा आणि गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र येऊन ओझोन तयार होतो हे उघड झाले. तो ओझोन निर्देशांकात आहे. ज्यांच्यापासून तो होतो त्या वाफा नाहीत.

आता रायगड जिल्ह्यातल्या महाडकडे या. हवा स्वच्छ करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत महाराष्ट्राची 19 शहरे आहेत, महाड नाही. इथे बिरवाडीच्या बाजूला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. 3 नोव्हेंबर 2023 रोजी, धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी, इथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि 11 कामगार बेपत्ता झाले. त्या वेळी कॅमेरे आले. रोजच्या गळतीसाठी कुणी येत नाही. द्रावकाचे पिंप भरताना उडणारी वाफ, टाकीच्या श्वासनळीतून सुटणारा वायू, पंपाच्या सीलमधली आणि व्हॉल्व्हच्या जोडांमधली झिरप, सांडपाण्याचा उघडा हौद: रसायनांच्या कोणत्याही कारखान्यात वाफा सुटण्याच्या जागा याच. त्यातून चहूबाजूंनी डोंगर. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा अशा खोऱ्यात तळाशी बसते आणि उजाडेपर्यंत हलत नाही. सकाळी रायगडावरून खाली दिसणारे धुके फोटोत सुंदर येते. त्यात काय मिसळले आहे ते फोटोत येत नाही.

वास आला तर कळेलच, असे म्हणणाऱ्यांना एक सांगायला हवे. नाक फार बेभरवशाचे आहे. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड ते अत्यल्प असतानाच पकडते. बेंझीनचा वास मात्र त्याचे प्रमाण मानकाच्या शेकडो पट झाल्याशिवाय लागत नाही. वास आला नाही एवढ्यावर तक्रार निकालात काढणे म्हणजे थर्मामीटर न लावता ताप नाही असे ठरवणे.

कारखान्यांवर बोट ठेवून घराला मोकळे सोडता येत नाही. दसऱ्यापासून घरोघरी रंगारी येतात. नवे प्लायचे कपाट येते आणि त्याच्या डिंकातला फॉर्मल्डिहाइड महिनोन्‌महिने झिरपत राहतो. कपड्यांत डांबरगोळ्या, देवापाशी अगरबत्ती, संध्याकाळी डास नकोत म्हणून खिडक्या बंद आणि आत कॉइल. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 51 सिगारेटींइतका फॉर्मल्डिहाइड निघू शकतो असे दिसले होते. फटाका निदान अंगणात तरी वाजतो.

इथे कुणी चुन्याची सफेदी आणि सारवलेली जमीन आठवून उसासा टाकेल. चुना उत्तमच होता. पण त्याच घरात चूल होती, आणि ओल्या लाकडाच्या धुरात बेंझीन आणि फॉर्मल्डिहाइड दोन्ही असतात. त्या धुरात उभे आयुष्य काढलेल्या बायकांना जुन्या घराची महती सांगायला जाऊ नये.

जंगलांचीही नोंद करावी लागेल. झाडेही अशीच एक वाफ, आयसोप्रीन, सोडतात, जगभरात वर्षाला 50 कोटी टनांच्या आसपास. हा मुद्दा कारखानदारांना फार आवडतो. सह्याद्रीतले झाड पिंपातून टोल्युइन सांडत नाही, एवढे उत्तर पुरे.

आणि हा अंक? 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक कोरा अंक आधी हुंगतो आणि मग वाचतो. तो वास शाईतल्या द्रावकांचा. वाचकाच्या वाट्याला त्यातले नाममात्र येते. रोलर पुसणाऱ्या छापखान्यातल्या कामगाराच्या छातीत ते दिवसभर जाते. त्याच्या डोक्यावर एक्झॉस्ट पंखा आहे का, हे मराठी संपादकांनी कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

सरत्या वर्षाविषयी थोडके. जुलै 2025 मध्ये रायगडासह मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचा आनंद आहेच. पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लिहिण्यासारखे नवे काही नाही. यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’. तो वैशाखात ठरला होता, तेव्हा ही तक्रार डोक्यात नव्हती. जुळणी थोडी ओढूनताणून झाली आहे, हे जुन्या वाचकांपासून लपणार नाही.

मागणी मोठी नाही. महाड औद्योगिक वसाहतीच्या हद्दीवर, बिरवाडीत आणि जागतिक वारशामुळे गाड्यांची रांग वाढेल त्या रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला बेंझीन, टोल्युइन आणि झायलीन नियमित मोजावे. आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत, मानकाचा आकडा शेजारी ठेवून. आकडे चांगले निघाले तर कारखान्यांनी ते खुशाल मिरवावेत. पुढच्या दिवाळीपर्यंत ते लागले, तर कसेही असोत, या पानावर जसेच्या तसे छापले जातील. लागले नाहीत तर पान त्यांच्यासाठी कोरे सोडले जाईल.