त्यांच्याही हातात कागद नाही



ओरिसातल्या वादळग्रस्तांसाठी घरटी एक पायली तांदूळ आणि जमेल तेवढा पैसा काढायचा, असं संघटनेने ठरवलं. तेव्हापासून गावोगावच्या बैठकीत एकच प्रश्न येतो. "आपल्याच घरी खायचे वांधे. आपण काहून द्यायचं? अन् तेही बंगाल्यायच्या सोयऱ्यायले?" हा प्रश्न दाबून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचं उत्तर उघड दिलं पाहिजे.

आधी काय झालं ते नीट माहीत करून घ्या. दिवाळीच्या आठवडाभर आधी, २९ ऑक्टोबर १९९९ ला, ओरिसाच्या किनाऱ्यावर वादळ आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर होता. समुद्राचं पाणी वीस फुटांच्या आसपास चढलं आणि गावांवरून गेलं. वादळ पुढे सरकलंच नाही, दीड दिवस तिथेच घोंगावत राहिलं. मेलेल्यांचा सरकारी आकडाच नऊ हजारांच्या वर गेला आहे. त्यातली बहुतेक माणसं एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातली, आणि त्यातही एरसमा भागातली. रस्ते तुटले, फोन बंद पडले, तार जाईना. कोण जिवंत आहे हे कळायला इथल्या माणसाला कित्येक दिवस लागले.

आता बंगाल्यांचं बोलू. पूर्व पाकिस्तानातून उठून आलेल्या लोकांना सरकारने देशात ठिकठिकाणी बसवलं. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर या वसाहती त्यांच्याच. पण सगळ्यांनाच सरकारने बसवलं नाही. पुष्कळ लोक ओरिसाच्या किनाऱ्यावर, जगतसिंगपूर आणि केंद्रापाडाकडे, खाऱ्या जमिनीत आपल्या हिमतीवर राहिले. एक भाऊ इकडे आला, एक तिकडे राहिला. आज इकडचा भाऊ एसटीडी बूथसमोर रांगेत उभा राहतो आणि तिकडे फोन लागत नाही.

तुमचा राग मला कळतो. आपण आजोबाच्या काळापासून जमीन वाहतो तरी आपण अतिक्रमणवाले, आणि त्यांना जंगल साफ करून पट्टे दिले. खरं आहे ते. पण ते पट्टे कोणी दिले? बंगाल्याने तुमच्या हातातून ओढून घेतले काय? एकाला कागद देणारं आणि दुसऱ्याला न देणारं सरकार एकच आहे. गरिबाने गरिबाकडे बोट दाखवत बसावं, यातच कागदवाल्यांची सोय आहे. इकडच्याला कागद मिळाला म्हणून तिकडच्या बुडालेल्या भावाला आपण दोष द्यायचा, हा कोणता न्याय?

कारण तिकडच्याच्या हातात कागद नाही. मुद्दा हाच आहे, साथींनो. घर पडलं की सरकार पंचनामा करते. पंचनाम्यात पहिला सवाल, जमीन कोणाच्या नावावर? जो सरकारी जागेत झोपडं बांधून राहिला, जो दुसऱ्याची जमीन भागाने करतो, त्याचं नाव कोणत्याच दप्तरात नाही. धान बुडाला भागवाल्याचा, भरपाई घेईल मालक. ज्याचं नाव जिवंतपणी लिहिलं नाही, त्याचं मरण तरी कोण लिहिणार?

हे आपल्याला नवीन आहे काय? जबरानजोतीतला धान रानडुकरांनी खाल्ला तर कोणी भरपाई देतो? घर कोसळलं तर तलाठी आधी सातबारा मागतो. २७ डिसेंबर १९७८ चा जीआर आहे, ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करा म्हणून. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, आणि तो दाखवून आपले अर्ज फिरवले गेले. एरसमाचा माणूस आणि देवरी-सालेकसाचा माणूस यांची भाषा वेगळी, देव वेगळे. पण दप्तरातली रिकामी जागा एकच.

आणखी एक ऐका. समुद्राच्या चिखलात एक जंगल वाढतं, त्याला खारफुटी म्हणतात. लाटेचा जोर ते जंगल अडवतं. जिथे ते शाबूत होतं, तिथल्या गावांत माणसं कमी मेली. आता साहेब लोक म्हणतील, जंगल तोडलं ते या घुसलेल्या लोकांनीच. हे बोलणं ओळखीचं वाटते की नाही? आपल्यालाही हेच म्हणतात. चुलीसाठी, शेतीसाठी गरिबानेही झाडं तोडली असतील. पण झिंग्यांच्या धंद्यासाठी किनारे खोदून तलाव कोणी केले? डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने किनाऱ्यालगतचे असे तलाव हटवा म्हणून हुकूम दिला. मोठ्या पैशावाल्यासाठी हुकूम कागदावर राहतो, आणि झोपडीवाल्यासाठी दुसऱ्याच दिवशी बुलडोझर येतो.

कोणी म्हणेल, वादळ आलं तेव्हा ओरिसाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग तर आदिवासीच होते, ते बघतील. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून दप्तर बदलत नाही. दप्तर बदलायला खालून रेटा लागतो.

म्हणून मदत करायची, पण डोळे उघडे ठेवून करायची.

एक. जुने फाटके कपडे देऊ नका. बुडालेल्या माणसाला लाज असते. तांदूळ द्या, आणि उसना द्या. तिकडे उसना खातात आणि आपल्या गोंदियाच्या गिरण्यांत तो होतो.

दोन. धानाचं बियाणं पाठवू नका. तिकडच्या जमिनीत खारं पाणी शिरलं आहे, आपलं बियाणं तिथे उगवणार नाही. त्याऐवजी पैसा द्या. तिकडचं खाऱ्यात टिकणारं बियाणं ते घेतील.

तीन. मनीऑर्डरवर विसंबू नका. घरच राहिलं नाही तर पोस्टमन पैसे कुठे देणार? वसाहतीतले दोघे आणि आपले दोघे मिळून जातील, हातोहात देतील. परत आले की पैशापैशाचा हिशेब बैठकीत वाचून दाखवतील.

चार. ज्या घरांचे नातलग तिकडे आहेत त्यांच्याकडून नावं, गावं, वय लिहून घ्या. जाणारी माणसं ती यादी सोबत नेतील. जिवंत आहे की नाही एवढं कळणं हीसुद्धा मदतच आहे.

पाच. ज्यांचं नाव सरकारी यादीत नाही अशांची यादी तिकडे करायची. आधी त्यांना द्यायचं, आणि ती यादी तिकडच्या कलेक्टरच्या टेबलावर ठेवायची. आपली मागणी साफ आहे: भरपाई राहणाऱ्याला आणि कसणाऱ्याला द्या, निव्वळ कागदवाल्याला नको. आज ही मागणी ओरिसासाठी करू, तर उद्या आपल्यासाठी करताना आपला आवाज एकटा राहणार नाही.

मंडईचे दिवस आहेत. नाटकाला, पाहुण्याला खर्च होतोच. यंदा प्रत्येक मंडईत संघटनेची एक चादर अंथरलेली असेल. त्यावर एक पायली टाका. वसाहतीतल्या लोकांनाही मंडईत बोलवा, चादरीजवळ आपल्या माणसासोबत बसवा. आजवर बाजारात आपण त्यांच्याशी फक्त भावताव केला. आता दुःखाचं बोलू, मग जमिनीचंही बोलता येईल.

वाहील त्याची जमीन, राहील त्याचं घर!
जोहार!