सांभाळणाऱ्याचे काम

नवी वस्तू करणाऱ्याचे नाव होते. ती वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्याला कोणी विचारत नाही. संगणकाच्या जगातही हेच आहे. ज्यांची मुले-मुली संगणक शिकत आहेत, त्यांच्यासाठी आज आम्ही अशाच एका कामाची माहिती देत आहोत.

'गिट' हा प्रोग्राम लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतला. अनेक जण मिळून काम करतात तेव्हा कोणी, कधी, काय बदलले याची नोंद गिट ठेवतो. चूक झाली तर मागचे पान जसेच्या तसे मिळते. 'डेबियन' ही १९९३ साली सुरू झालेली, सर्वांना मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली. तिच्यात गिट आपोआप येत नाही. तो आणून, बांधून, तपासून ठेवणारा कोणीतरी लागतो. हे काम स्वयंसेवक करतात. डेबियन त्यांना पगार देत नाही.

नवी आवृत्ती आधी 'अस्थिर' विभागात जाते. मोठा दोष निघाला नाही तर काही दिवसांनी 'चाचणी' विभागात येते. त्यातूनच साधारण दर दोन वर्षांनी 'स्थिर' डेबियन निघते. स्थिर झाल्यावर नवे काही घालायचे नाही, असा रिवाज आहे. कारण ज्याचे चालू आहे त्याचे बंद पडू नये. धोक्याचा दोष सापडला तर नव्या आवृत्तीतील तेवढीच दुरुस्ती काढून जुनीला जोडायची. जुन्या सदऱ्याला ठिगळ लावताना शिवण उसवू नये, तसे हे काम.

एप्रिल २०२२ मध्ये असाच पेच आला. एक संगणक अनेक जण वापरत असतील, तर दुसऱ्याने ठेवलेल्या फोल्डरमुळे त्याच्या आज्ञा आपल्या नावाने चालू शकतात, असा गिटमधील दोष उघड झाला. तेव्हा २.३५.२ आवृत्ती परक्या मालकीचे फोल्डर नाकारू लागली. भोक बुजले, पण फोल्डर वाटून प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचेही अडले. दुरुस्ती द्यावी तर लोक अडतात, न द्यावी तर दार उघडे राहते. बोल दोन्हीकडून सांभाळणाऱ्यालाच!

अशा माणसाला एकटे सोडले की काय होते, ते मार्च २०२४ मध्ये दिसले. 'एक्सझेड' नावाचे छोटे साधन एकच स्वयंसेवक थकून-भागून सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली आलेल्या अनोळखी व्यक्तीने सुमारे दोन वर्षांत विश्वास मिळवला आणि त्यात चोरदार बसवले. ते डेबियनच्या चाचणी विभागापर्यंत पोहोचले होते. स्थिर आवृत्तीत जाण्याआधी पकडले गेले, म्हणून निभावले.

पोटाला चिमटा घेऊन कोणी फुकट राबावे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मोठ्या कंपन्या ही साधने मोफत वापरून कमावतात, त्यांनीच या श्रमांचे मोल दिले पाहिजे. मात्र आपल्या मुलीने वा मुलाने फावल्या वेळात एखादा दोष शोधून कळवला, तर "पैसे किती मिळाले?" एवढेच विचारू नका. कितीजणांचे काम चालू राहिले, हेही विचारा.