पुढची बाजू कुठली, बॉस?

माझ्या एका मित्राने गेल्या महिन्यात स्वतःलाच गिफ्ट दिलं. अशनी! म्हणजे आकाशातून पडलेला खराखुरा दगड, ऑनलाइन मागवलेला. किंमत नेहमीच्या दुप्पट, कारण विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'ओरिएंटेड'. फंडा असा, की हा दगड वातावरणातून येताना गडगडला नाही, एकच बाजू पुढे ठेवून आला.

"बघ, अंगभर अंगठ्याचे ठसे!" स्वारी जाम खूश. मी भिंग मागितलं.

कारण नुसत्या ठशांनी काही सिद्ध होत नाही. सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने घुसताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो, वितळलेलं हवेबरोबर उडून जातं आणि खळगे पडतात. गडगडणारा दगड सगळीकडून साधारण सारखाच झिजतो. दिशा धरलेल्याचं तसं नाही. त्याची पुढची बाजू घुमटासारखी किंवा बोथट शंकूसारखी. टोकापासून कडेपर्यंत बारीक रेषा, छत्रीच्या काड्यांसारख्या. वितळलेला थर वाहत गेल्याच्या त्या खुणा. कडेला मागे वळून थिजलेली किनार. मागची बाजू सपाटशी, खडबडीत, कधी बुडबुड्यांची.

इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोला १४ मार्च १८८१ रोजी रेल्वे कामगारांपासून थोड्याच अंतरावर दीड किलोचा अशनी पडला. आता तो यॉर्कशायर म्युझियममध्ये आहे. पसरट घुमट, त्यावर मधून बाहेर धावणाऱ्या खाचा. फोटो बघितला तरी पुढची बाजू कळते, कुणी सांगावं लागत नाही.

मित्राचा दगड आम्ही उलटसुलट फिरवला. चुंबक चिकटलं, तुटक्या कोपऱ्यात धातूचे कण चमकले. म्हणजे अशनी बहुधा अस्सल. पण ठसे चहूबाजूंनी सारखेच. रेषा नाहीत, किनार नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "ठसे आहेत ना? मग झालं!"

तेव्हा मंडळी, घ्यायचाच असेल तर पुढचा फोटो बघून भुलू नका. कडेचा आणि पाठीचा फोटो मागा. पठ्ठ्या टाळाटाळ करायला लागला, की समजून जा!

मित्राने दगड परत नाही केला. डेस्कवर ठेवलाय. बॉसचा फोन आला की एका खळग्यात अंगठा रुतवून बसतो. म्हणतो, "गडगडत आला, पण पोचला ना!"