घामाची पावती, ताटाचे देणे

चाळिशी उलटली, पोट सुटले, की दोन आरोपी ठरलेले: मंदावलेले चयापचय आणि चुकलेला व्यायाम. पहिला तर निर्दोष सुटला आहे. 29 देशांतील 6,400 हून अधिक लोकांच्या ऊर्जावापराचे विश्लेषण 2021 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. शरीराचे आकारमान आणि घडण हिशेबात धरली, तर हा वापर विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो.

दुसऱ्याचा हिशेब स्वतः मांडून पाहा. लोधी उद्यानात तासभर झपझप चालून 70 किलोचा माणूस सुमारे 300 किलोकॅलरी खर्च करतो. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 असतात. परतीच्या वाटेवरचे छोले-भटुरे ही सारी कमाई एका बैठकीत बुडवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) दिल्लीतील 15 ते 49 वयोगटातल्या 41.3 टक्के स्त्रिया व 38 टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आहेत. त्यांना ‘चाला’ म्हणणे सोपे आहे. तेही अशा शहरात, जिथे हिवाळ्यात हवा बिघडली की घराबाहेर पडू नका, असेच सांगावे लागते! तेल, साखर आणि त्यांच्या जाहिरातींना हात घालणे मात्र अवघड.

व्यायाम सोडा, असे कोण म्हणतो? हृदय, स्नायू, रक्तशर्करा आणि घटलेले वजन टिकवणे यांसाठी त्याला पर्याय नाही. पण घामाची पावती दाखवून ताटाचे देणे फिटत नाही.