वेग हवाच, पण बंद पेटीतला नको

८ जुलै २०२२ हा दिवस कॅनडात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. रॉजर्स कंपनीचं जाळं पहाटे कोसळलं आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले. इंटरॅकने पैसे देता येईनात, अनेकांना ९११ सुद्धा लागेना. वादळ नव्हतं, भूकंप नव्हता. जाळ्याच्या गाभ्यातल्या राउटरच्या मांडणीत केलेला एक बदल अंगाशी आला होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या वणव्यात हे रिव्हर परिसरातली फायबर लाईन जळाली आणि आजूबाजूच्या गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, तोही नेमका गाव सोडून निघायच्या वेळी.

अशा प्रत्येक घटनेनंतर कोणीतरी म्हणतं, "हॅम रेडिओ आहे ना!" आहे, नक्कीच आहे. पण आजच्या आपत्तीत नुसत्या आवाजावर भागत नाही. मदत केंद्राला औषधांची यादी हवी असते, निर्वासितांची नावं हवी असतात, भरलेले फॉर्म आणि ईमेल हवे असतात. माइकवर एकेक अक्षर उच्चारून दोनशे नावं पाठवून बघा, म्हणजे हौशी रेडिओवाले वेगवान डेटाच्या मागे का लागले आहेत ते कळेल.

वेग हवा याबद्दल माझं दुमत नाही. माझा मुद्दा तो वेग कसा तपासला जातो याबद्दल आहे.

सुरुवात आपल्या शेजारीच झाली

हॅम रेडिओवरून डेटाची पाकिटं पाठवण्याचा पहिला प्रयोग मॉन्ट्रियलमध्ये ३१ मे १९७८ रोजी झाला. त्यानंतर व्हँकुव्हरच्या हौशी गटाने संगणक आणि रेडिओ यांना जोडणारी 'टर्मिनल नोड कंट्रोलर' नावाची पेटी तयार केली. तिची रचना खुली होती. ती पाहून अमेरिकेत टूसॉनच्या मंडळींनी आपली सुधारलेली आवृत्ती काढली आणि ती जगभर गेली. घरोघरी इंटरनेट पोचण्याच्या कितीतरी आधी हौशी लोक रेडिओवरून एकमेकांना टपाल पाठवत होते. हे शक्य झालं, कारण एकाने केलेलं दुसऱ्याला उघडून बघता येत होतं.

कॅनडाचे नियमही या वृत्तीला पूरक आहेत. अमेरिकेत १९८० पासून लघुलहरींच्या बहुतेक हौशी पट्ट्यांवर डेटासाठी ३०० बॉडची मर्यादा होती. म्हणजे सेकंदाला तीनशेपेक्षा जास्त 'चिन्हं' पाठवायची नाहीत. ती मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठली आणि तिच्या जागी २.८ किलोहर्ट्झ रुंदीची मर्यादा आली. कॅनडात मात्र तुम्ही आत काय पाठवता याच्याशी नियमाला फारसं देणंघेणं नाही. ७, १४, २१ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर ६ किलोहर्ट्झच्या आत राहा, एवढंच. १० मेगाहर्ट्झवर ही मर्यादा १ किलोहर्ट्झ आहे, तर ४३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चक्क १२ मेगाहर्ट्झ. प्रयोग करणाऱ्याला याहून मोकळं अंगण कुठे मिळणार?

रुंद रस्ता म्हणजे जास्त वेग?

इथे थोडं गणित करू. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं की कुठल्याही मार्गावरून किती डेटा बिनचूक जाऊ शकतो याला एक कमाल मर्यादा असते आणि ती दोन गोष्टींवर ठरते: मार्गाची रुंदी, आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेशाचं बळ.

समजा मार्ग २.५ किलोहर्ट्झ रुंद आहे आणि संदेश गोंगाटाच्या दहापट बलवान आहे. शॅननची मर्यादा येते सेकंदाला साधारण ८,६०० बिट. आता तेवढीच शक्ती वापरून मार्ग ६ किलोहर्ट्झ करा. रुंदी २.४ पट झाली, पण गोंगाटही २.४ पट आत आला. मर्यादा होते सुमारे १४,२०० बिट, म्हणजे १.६५ पट. फायदा आहे, पण रुंदीच्या प्रमाणात नाही.

आता आपत्तीतली परिस्थिती घ्या. झाडावर फेकलेली तार हीच ॲन्टेना, गाडीची बॅटरी, आणि संदेश गोंगाटाच्या एक दशांश. २.५ किलोहर्ट्झमध्ये मर्यादा ३४४ बिट. ६ किलोहर्ट्झमध्ये ३५३. मार्ग अडीचपट रुंद केला आणि हाती आले नऊ बिट! शेजाऱ्यांची जागा मात्र अडवली.

म्हणून कोणी "आमचा मोड सेकंदाला इतके हजार बिट देतो" असं सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या परिस्थितीत? जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा उत्तम संदेशाचा असतो. आपल्याला हवा असतो तो वाईट दिवसाचा आकडा.

आपली दोन्ही घरं अवघड

दुसरी अडचण आयनांबराची. लघुलहरी जमिनीपासून शेकडो किलोमीटर वरच्या विद्युतभारित थरांवरून परत वळतात, म्हणून त्या क्षितिजापलीकडे पोचतात. पण एकच संदेश दोन-तीन वाटांनी येतो. घाटात उभं राहून भराभर बोललात तर पहिल्या शब्दाचा प्रतिध्वनी दुसऱ्या शब्दावर येऊन आदळतो, तसंच इथे होतं. उपाय सोपा वाटतो: एका वाहकावर घाईघाईने बोलण्याऐवजी पन्नास वाहकांवर सावकाश बोला. आजचे बहुतेक वेगवान मोड हेच करतात. आपलं वाय-फायही हेच करतं.

पण आयनांबर स्थिर नसतं. ते हलतं, आणि त्या हालचालीने प्रत्येक वाहकाची वारंवारता थोडी पसरते. मोडेमची परीक्षा घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने काही नमुना परिस्थिती ठरवून दिल्या आहेत. मध्यम अक्षांशांवर, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागात, अगदी खवळलेल्या स्थितीतही प्रतिध्वनी २ मिलिसेकंद आणि पसरण १ हर्ट्झ धरली जाते. उत्तरेकडे, अरोराच्या प्रदेशात, हेच आकडे ७ मिलिसेकंद आणि ३० हर्ट्झ होतात. दोन वाहकांमधलं अंतर ५० हर्ट्झ असेल आणि प्रत्येक वाहक ३० हर्ट्झ पसरत असेल, तर शेजारी एकमेकांच्या अंगावर जाणारच. यलोनाइफहून दक्षिणेकडे संदेश पाठवणाऱ्याचं वास्तव हे आहे. कॅनडाचा १९६२ साली सोडला गेलेला पहिला उपग्रह, अलुएट-१, आयनांबराचाच अभ्यास करायला गेला होता, तो उगाच नाही.

आणि आपलं दुसरं घर? विषुववृत्ताजवळच्या खवळलेल्या आयनांबरासाठी तेच नमुने ६ मिलिसेकंद आणि १० हर्ट्झ सांगतात. भारताच्या दक्षिण टोकावरून चुंबकीय विषुववृत्त जातं, आणि महाराष्ट्राच्या डोक्यावरचं आयनांबर सूर्यास्तानंतर अनेकदा अस्वस्थ असतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद झाली होती; ट्रामच्या विजेचा त्रास नको म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेध अलिबागला नेले गेले, ते आजही चालू आहेत. आकाशाच्या या स्वभावाची मोजदाद करण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे.

म्हणजे मराठी माणसाची दोन्ही घरं रेडिओच्या दृष्टीने अवघड जागी आहेत. 'तिकडे चालतंय ना, मग इकडेही चालेल' हे गृहीत धरण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

मग अडतंय कुठे?

आज लघुलहरींवर ईमेल पाठवण्यासाठी सर्वाधिक नाव घेतले जाणारे दोन मोड म्हणजे वारा आणि पॅक्टर-४. दोन्ही उत्तम चालतात, हे मोकळेपणाने मान्य करू. पण वाराचा सोर्स कोड बंद आहे आणि पूर्ण वेगासाठी पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. पॅक्टर-४ साठी एकाच जर्मन कंपनीचा मोडेम लागतो.

कॅनडाचा नियम म्हणतो की हौशी केंद्राने वापरलेली संकेतपद्धती गुप्त नसावी. विकत मिळणारी पण आतून न दिसणारी पद्धत 'गुप्त' म्हणायची का, यावर वकील वाद घालोत. मी संशोधक म्हणून बोलतो. जो प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही आणि ज्याचं उपकरण उघडून बघता येत नाही, त्याला मी मोजमाप म्हणणार नाही. वेग कमी पडला तर दोष ॲन्टेनाचा, आयनांबराचा की प्रोग्रॅमचा, हे बंद पेटीबाबत सांगता येत नाही. अरोराखाली तो मोड कोलमडला तर आपण तो दुरुस्तही करू शकत नाही. आणि उद्या विकसकाने काम थांबवलं तर? आणीबाणीची एक संपूर्ण साखळी एका खासगी प्रोग्रॅमवर टांगून ठेवायची का?

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. "आग लागली की बादली कोणाच्या मालकीची ते बघत नाहीत. खुले पर्याय हळू आहेत. ज्याने वर्षानुवर्षं रात्री जागवून मोडेम लिहिला त्याने पैसे का घेऊ नयेत?" जरूर घ्यावेत. आणि आज वणवा पेटला तर जे चालतं तेच वापरावं. मीही तेच सुचवीन. पण आग नसलेल्या दिवशी आपण काय करतो, हा प्रश्न उरतोच. खुले पर्याय हळू आहेत, कारण ते तपासणारे आणि सुधारणारे हात कमी आहेत. आर्डॉप आहे, फ्रीडीव्ही आहे. इंटरनेटवरचे हौशी मंडळींसाठी राखलेले पत्ते २०१९ मध्ये अंशतः विकले गेले, त्या रकमेच्या आधारे एआरडीसी या संस्थेकडून अशा खुल्या कामांना अनुदानही मिळतं. पैशापेक्षा तुटवडा माणसांचा आहे.

तुम्ही काय करू शकता

हे वाचणाऱ्यांमध्ये सिग्नल प्रोसेसिंगवर पोट भरणारे किती जण आहेत याची मला कल्पना आहे. दिवसभर फाइव्ह-जीचे मोडेम लिहायचे आणि संध्याकाळी "हॅम रेडिओ म्हणजे आजोबांचा छंद" म्हणायचं, हे काही पटत नाही. कॅनडात बेसिक परीक्षेत १०० प्रश्न असतात. ७० टक्क्यांना उत्तीर्ण, ८० टक्के मिळवले तर लघुलहरीही खुल्या होतात. नागरिकत्वाची अट नाही आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

एखादा खुला मोड निवडा. आधी घरच्या संगणकावर त्या ७ मिलिसेकंद, ३० हर्ट्झच्या नमुन्यातून तो चालवून बघा; त्याला रेडिओ लागत नाही, परवानाही नाही. मग हवेत जा. पाठवण्याआधी वाहिनी मोकळी आहे का हे तो मोड ऐकतो का, ते तपासा. शक्ती, ॲन्टेना, वेळ, अंतर, आणि किती बाइट किती मिनिटांत बिनचूक पोचले, हे सगळं लिहून ठेवा. फसलेले प्रयत्न आधी लिहा. मग ते आकडे सर्वांसमोर मांडा, म्हणजे अलिबागचा किंवा एडमंटनचा कोणी तेच करून तुम्हाला खोटं पाडू शकेल.

मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हरच्या मंडळींनी पन्नास वर्षांपूर्वी हेच केलं होतं. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा हजारो पटीने ताकदवान संगणक आहेत आणि नियमही मोकळे आहेत. पुढचा वणवा लागेल तेव्हा उत्तरेतल्या एखाद्या गावाला सेकंदाला दोनशे बिट खात्रीने मिळाले, तर जाहिरातीतल्या आठ हजारांपेक्षा ते कितीतरी मोलाचे ठरतील.