थोरली वसई, धाकटी मुंबई

बडोदा किंवा सुरतेहून मुंबईला येणाऱ्या गाडीत वसई रोड स्टेशन आले, की मंडळी बर्थखालच्या बॅगा बाहेर ओढू लागतात. वसई म्हणजे मुंबई जवळ आल्याची खूण, एवढेच! मुंबईकरांच्या लेखी तर वसई म्हणजे त्यातल्या त्यात परवडणारा फ्लॅट आणि लोकलची जीवघेणी गर्दी. पण साडेचारशे वर्षांपूर्वीचे चित्र नेमके उलटे होते.

1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली, तिच्यासोबत मुंबईची बेटेही. पोर्तुगीजांनी उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे केले ते वसईला. मुंबई म्हणजे वसईच्या हाताखालचे एक बेट. तेही इतके किरकोळ, की गार्सिया द ओर्ता नावाच्या एका वैद्याला ते भाडेपट्ट्याने देऊन टाकले होते! पुढे 1661 च्या करारात तेच बेट पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि धाकटीचे नशीब फळफळले.

स्टेशनच्या पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येते. किल्ला म्हटला की दमछाक करणारा चढ डोळ्यांपुढे येतो, पण हा सपाटीवरचा, खाडीकाठचा भुईकोट. आजी-आजोबांनाही सावकाश फिरता येईल असा. खरे तर तटाच्या आतले ते एक अख्खे शहरच होते. छप्पर उडालेली चर्चे, भिंतींना विळखा घालून बसलेली पिंपळाची मुळे, फरशीत बसवलेल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरे. सेंट जोसेफ चर्चवर 1601 हा आकडा मुलांना शोधायला लावा. मात्र मनोऱ्यावर चढू देऊ नका. नागेश्वराचे देऊळही याच तटाच्या आत आहे. पलीकडे सागरी दरवाजातून बाहेर पडले, की कोळ्यांच्या होड्या, जाळी आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. बंदर म्हणून वसईचा दिमाख गेला, पण समुद्राशी व्यवहार थांबलेला नाही.

मराठी माणूस येथे येतो तो चिमाजी आप्पांचे नाव मनात घेऊन. 1739 चा तो वेढा फेब्रुवारी ते मे असा चालला. सुरुंग लावून सेंट सेबॅस्टियनचा बुरूज फोडला, मराठ्यांचे हजारो लोक पडले, तेव्हा कुठे किल्ला हाती आला. शरण आलेल्यांना मात्र सन्मानाने, बायकामुलांसह जाऊ दिले गेले. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यातलीच. मेणवलीच्या घाटावरील घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून दिसते.

आणि दैवगती पाहा. ज्या गावासाठी चुलत आजोबांनी एवढे रक्त सांडले, त्याच गावी 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले. विजयाची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो. ही दुसरीही तेथेच उभे राहून सांगायला हवी.

भिंतींवर खिळ्याने कोरलेली बदामाची चित्रे आणि प्रेमिकांची नावे पाहून मात्र संताप येतो. कोपऱ्याकोपऱ्यात वेफर्सच्या पिशव्या. चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापुढे हात जोडायचे आणि त्यांनी जिंकलेल्या तटावर आपले नाव कोरायचे, हा कुठला इतिहासाभिमान? पुरातत्त्व खात्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या पिशव्या काही खात्याने टाकलेल्या नाहीत.

किल्ला पाहून लगेच परतू नका. खरी वसई तटाबाहेरच्या वाड्यांत आहे. केळी, फुले, भाजीपाल्याच्या या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती कुटुंबे राहतात, तीही मराठी बोलणारी. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया याच गावचे. 1597 मध्ये जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मारण्यात आले, 1862 मध्ये संतपद मिळाले. उस्मानाबादला 2020 मध्ये झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही वसईचेच. या वाड्यांवर इमारती उठू लागल्या तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते आघाडीवर होते. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. वाड्यांचे काय होणार, हा प्रश्न मागे उरलाच आहे.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी आणि टोप्या बरोबर ठेवा, किल्ल्यात सावली कमी. 2024 मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. वेळापत्रकाची चौकशी करून शक्य तर तिनेच जा, कारण बंदराच्या गावात पाण्यावरून शिरण्याची मजा लोकलला नाही. परतताना बाजारात सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मिळतात का ते विचारा. महाग वाटतील, पण साखरेचा कणही न घालता इतकी गोड लागतात, की घरी पोहोचेपर्यंत पुडी शिल्लक राहणे कठीण.